पाण्यातली बोंडअळी

(मालवण तालुक्यातील एका मत्स्यशेतकऱ्याने जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी मालवणकडचा, खाऱ्या पाण्याचा माणूस. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी, आमच्याकडे भात, आंबा, नारळ आणि मासळी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्याकडे सात-आठशे वेळेवर पडला तरी वर्ष चांगले म्हणायचे. तेव्हा या माणसाने इथे येऊन माशांच्या रोगावर काय सांगायचे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्त आहे.

मला इथे आणले ते तुमच्या शेततळ्याने. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. कोरडवाहू गावांतही तळी खोदली गेली. तळ्यात पाणी दिसले की मासे सोडायचा विचार मनात येतोच. विचार चांगला आहे. कापसाचा भाव पडला तरी चार पैसे दुसरीकडून येतील, घरच्या पोरांच्या ताटात मासळी येईल. पण कपाशीबरोबर जशी बोंडअळी आली, तशी माशांच्या शेतीबरोबरही एक कीड येते. ती डोळ्यांना दिसत नाही. तिचे नाव जीवाणू. आमच्या किनाऱ्यावर तिची गाठ आधी पडली आहे. ती काय चीज आहे एवढे तुम्हाला सांगायचे आहे, म्हणजे तिची ओळख करून घेण्यासाठी तुम्हाला पदरचे पैसे घालवावे लागणार नाहीत.

धरणे वेगळे, वाढवणे वेगळे

आमचा मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढत आला. समुद्राने दिले ते घ्यायचे. मासळी मिळाली नाही तर दिवसाची मेहनत आणि होडीचे डिझेल बुडते, त्यापलीकडे काही नाही. गेल्या काही वर्षांत समुद्रातली मासळी घटली आणि माणसे मासे वाढवण्याकडे वळली. कुठे कोळंबीचे तलाव झाले. कुठे खाडीत तरंगते पिंजरे टाकून चोणक वाढवू लागले. रायगडकडे याच माशाला जिताडा म्हणतात. कांदळवनाच्या कडेने कुर्ल्या, दोरांवर शिंपले आणि कालवे असे प्रयोग झाले. २०१० नंतरच्या दशकात सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा प्रकल्प आला, राज्याच्या वनखात्याचा कांदळवन कक्ष आला, २०१७ साली कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली. बायकांच्या बचतगटांनीही यात हात घातला.

पण धरण्याचे वाढवणे झाले की मच्छीमाराचा शेतकरी होतो. बी विकत घ्यावे लागते, आणि चोणकाचे किंवा कुर्लीचे बी बरेचदा तामिळनाडूसारख्या लांबच्या राज्यातून येते. खाद्य विकत घ्यावे लागते, आणि एकूण खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा या खाद्याचाच असतो. पाच-सहा महिने, कधी वर्षभर पैसा पाण्यात पडून असतो. अशा वेळी एका सकाळी चार मासे पोट वर करून तरंगताना दिसतात, दुसऱ्या दिवशी चाळीस, तिसऱ्या दिवशी मोजायची इच्छा राहत नाही. बोंडे भरल्यावर अळी पडलेली ज्याने पाहिली आहे, त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

हा जंतू कोण?

खाऱ्या पाण्यातल्या या जंतूंचे घराणे व्हिब्रियो या नावाने ओळखले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर स्वल्पविरामासारखा बाकदार आणि शेपटीच्या जोरावर पळणारा. या घराण्यातला एक तुमच्या आमच्या आजोबांच्याही ओळखीचा आहे. पटकीने गावेच्या गावे ओस पडत, त्या पटकीचा जंतू व्हिब्रियोच. रॉबर्ट कॉक यांनी १८८४ साली कलकत्त्यात तो वेगळा करून दाखवला. तो आतड्यात विष सोडतो हे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली त्याच शहरात सिद्ध केले.

माशांना मारणारे व्हिब्रियो याच घराण्यातले, पण वेगळे. इटलीत १८९३ साली सापासारख्या लांबट ईल माशांच्या साथीत यांच्यातला एक प्रथम सापडला. चोणकाला हा रोग झाला की मासा खाणे सोडतो, अंग काळपटते, परांच्या मुळाशी आणि पोटावर लाल चट्टे येतात, चट्ट्यांचे व्रण होतात, डोळे सुजतात. व्हिब्रियो हार्वेई नावाचा एक जंतू कोळंबीच्या पिल्लांना लागतो आणि रात्री अंधारात पिल्ले चमकतात. उबवणी केंद्रातल्या माणसाला तो उजेड दिसला की घाम फुटतो. (रात्री समुद्राच्या लाटांवर जो उजेड दिसतो तो बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या दुसऱ्याच सूक्ष्म जीवाचा असतो. दोहोंची गल्लत करू नये.)

याच्या वाढीचा वेग ऐका. परिस्थिती मानवली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने संध्याकाळी एक असला तर आठ तासांनी कागदावर १ कोटी ६७ लाख भरतात. प्रत्यक्षात एवढे खायला मिळत नाही म्हणून होत नाहीत. पण आपणच खायला घातले तर? त्याकडे मी आता येतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा जंतू बाहेरून चोरपावलांनी येत नाही. खाडीच्या पाण्यात, चिखलात, कोळंबीच्या टरफलावर तो कायमचाच आहे. मेलेल्या कोळंबी-कुर्ल्यांची कवचे कुजवून समुद्र साफ ठेवण्याचे कामही तो करतो. म्हणून 'जंतू कुठून आला' या प्रश्नाने हाती काही लागत नाही. इतके दिवस गप्प असलेला जंतू आजच का उठला, हे विचारले पाहिजे.

जंतू असतोच, रोग आपण बोलावतो

कारणे तीन.

पहिले कारण गर्दी. जागा तेवढीच आणि बी दुप्पट. मासा माशाला घासतो, खवले निघतात, जखम होते आणि जंतूला दार उघडे मिळते. रोगी मासा शेजाऱ्याला लागलीच रोग देतो.

दुसरे कारण तळाची घाण. कोळंबीला घातलेल्या खाद्यातल्या नत्राचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिच्या अंगी लागतो. बाकीचा विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तळाशी जातो. तो गाळ म्हणजे जंतूचे कोठार. आपण दुकानातून पोती आणतो, त्यातली थोडी मासा खातो, बाकी जंतू खातो.

तिसरे कारण पाण्याचा झटका. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या खाडीचे पाणी तापते आणि जंतूला जोर चढतो. जूनमध्ये डोंगरावरून गोड्या पाण्याचे लोंढे उतरतात आणि चार दिवसांत खाऱ्याचे गोडे होते. चोणक दोन्ही पाण्यांत जगणारा मासा आहे, पण बदल एकदम झाला तर त्याचीही ताकद जाते. तेवढ्यात जंतू डाव साधतो.

तुम्ही म्हणाल, हे तर आमच्याच कपाशीचे गाऱ्हाणे आहे. दाट लागवड, नत्राचा मारा, आणि फरदड ठेवून किडीला वर्षभर पोसायचे. अगदी तेच. एक पीक काढल्यावर तलाव न सुकवता लगेच दुसरे बी सोडणे म्हणजे पाण्यातली फरदड आहे.

औषधाची पुडी

आता जिथे शेतकरी खरा नागवला जातो तिथे येऊ. मासे मरायला लागले की शेतकरी दुकानात धावतो. दुकानदार रोग बघत नाही, पुडी देतो. पुडीवरचे नाव काहीही असो, आत बहुधा माणसाच्या दवाखान्यातलेच प्रतिजैविक असते, म्हणजे ज्याला आपण अँटिबायोटिक म्हणतो ते. खाद्यात मिसळा, पाण्यात टाका, एवढाच सल्ला.

आजारी मासा सर्वांत आधी खाणे सोडतो. म्हणजे औषध लावलेले खाद्य खातो कोण? निरोगी मासा. आणि जे उरते ते तळाच्या गाळात, लाखो-करोडो जंतूंच्या गळ्यात थोडे थोडे उतरते. मरायला कमी, शिकायला पुरेसे. कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. त्यात भर म्हणजे या औषधाने तळ्यातले निरुपद्रवी जंतूही मरतात. रान मोकळे झाले की आधी तणच माजते. तसे रिकाम्या पाण्यात सर्वांत झपाट्याने वाढणारा व्हिब्रियोच पुन्हा आधी उठतो.

हा धडा तुमच्याइतका कोणी गिरवलेला नाही. अमेरिकन बोंडअळीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारण्या सुरू झाल्या, पहिली काही वर्षे अळी पटापट मेली, मग फवारण्या वाढत गेल्या आणि अळी मरेना. २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांची आली, आणि २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने त्या दोन जनुकांच्या बोंडांतही घर केले. अळीची पिढी महिन्याची. जंतूची पिढी वीस मिनिटांची. अळीला जे शिकायला वर्षे लागली ते जंतू एका हंगामात शिकतो.

आणखी एक फरक आहे. अळी आपला प्रतिकार फक्त पोरांना देते. जंतू तो शेजाऱ्यालाही देतो. जीवाणूच्या पोटात मुख्य गुणसूत्राखेरीज प्लास्मिड नावाची छोटी गोल चिठ्ठी असते. ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे, कधी दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाते. माशाच्या जंतूने शिकलेली विद्या अशा वाटेने माणसाच्या जंतूपर्यंत पोहोचू शकते. पोराला ताप आला आणि डॉक्टरचे औषध लागू पडेना, तर त्याचे एक मूळ कोणाच्या तरी तळ्यातही असू शकते. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायांतले औषध. २०१९ साली केंद्र सरकारने ते कोंबड्या, गुरे, मासे या सगळ्यांत वापरायला बंदी घातली ती याच भीतीने.

ही चिठ्ठी काय करू शकते याचा एक दाखला तुम्हाला जवळचा वाटेल. २००९ च्या सुमारास चीनमध्ये, मग व्हिएतनाम, थायलंड आणि २०१३ साली मेक्सिकोत कोळंबी बी सोडल्यापासून महिन्याभरात मरू लागली. कारण सापडेना. २०१३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूने दाखवले, की मारेकरी व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस हा जुनाच जंतू आहे, फक्त त्याला नवे शस्त्र मिळाले आहे. ते शस्त्र प्लास्मिडवरून आलेले विष निघाले. २०१५ साली त्या विषाची घडण उलगडली, तेव्हा ती बीटीच्या विषाच्या घडणीशी मिळतीजुळती निघाली. बीटीचे विष बोंडअळीच्या आतड्याची नासाडी करते, हे कोळंबीच्या पचनाच्या ग्रंथीची. ज्या जातीची विद्या तुमच्या कपाशीच्या कामी आली, तीच तिकडे कोळंबीवाल्याच्या मुळावर उठली.

तेव्हा प्रतिजैविक हे फक्त आम्हा किनारपट्टीवाल्यांचे प्रकरण आहे असे समजू नका. कपाशीवरच्या जीवाणूजन्य करप्यासाठी ताम्रयुक्त औषधाबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी तुमच्यापैकी पुष्कळांनी फवारली असेल. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते, क्षयाच्या रोग्याला देत आले ते स्ट्रेप्टोमायसिन. शेतीतला हा वापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात आदेशाचा मसुदा काढला.

बाजारही आता हे तपासतो. २००२ च्या सुमारास युरोपने प्रतिजैविकांचा अंश सापडल्यावरून आशियातली कोळंबी अडवली. २०१६ साली भारतातून जाणाऱ्या शेतीच्या कोळंबीपैकी दहा टक्क्यांऐवजी पन्नास टक्के मालाची तपासणी करायची, असे त्यांनी ठरवले. पुडी विकणारा मोकळा, माल अडकला तो शेतकऱ्याचा.

आणि सगळे रोग जीवाणूचे नसतात. १९९४ पासून देशाच्या पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने कोळंबीचे तलाव बसवले. तो विषाणू. त्यावर प्रतिजैविक म्हणजे तुडतुड्यांवर तणनाशक. रोगाचे नाव कळल्याशिवाय औषध घेणे हा जुगार आहे.

नॉर्वेचा हिशेब

मग यातून सुटका नाही का? आहे, आणि ती एका देशाने करून दाखवली आहे. नॉर्वे हा युरोपातला थंड देश सामन मासा पिंजऱ्यात वाढवतो. १९८० च्या दशकात तिथेही व्हिब्रियोची साथ आली. हित्रा बेटाच्या नावाने तो रोग ओळखला गेला. पाठोपाठ १९८५ साली स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर गळवांचा दुसरा रोग आला. हादरलेल्या शेतकऱ्यांनी १९८७ साली एका वर्षात जवळपास ५० टन प्रतिजैविके माशांना घातली.

मग त्यांनी रस्ता बदलला. दोन्ही रोगांच्या लशी तयार केल्या आणि प्रत्येक पिल्लाला टोचल्या. पिंजऱ्यांत अंतर ठेवले. एका जागी एकाच वयाचे मासे ठेवले आणि पीक निघाले की जागा काही काळ रिकामी सोडली. १९९० चे दशक संपता संपता प्रतिजैविकांचा वापर एक टनाच्या आसपास आला. त्याच काळात माशांचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले. औषध कमी केले तर पीक बुडेल, ही दुकानदाराची भीती तिथे खोटी ठरली.

हे साधले ते रोगाचे निदान करणारी माणसे आणि लस बनवणारी विद्या शेतकऱ्याच्या हाताशी होती म्हणून. नुसता उपदेश करून साधले नसते.

तुमच्या तळ्याचे काय?

तुमच्या गोड्या पाण्यात व्हिब्रियोची जागा एरोमोनास घेतो. स्वभाव तोच. पाण्यात कायम असतो, मासा दुबळा झाला की उठतो. रोहू, कटला, मृगळ यांच्या अंगावर लाल चट्टे, पोट फुगणे, खवले उभे राहणे, शेपूट झडणे ही त्याची लक्षणे. यासाठी करायचे ते एवढेच:

बी मोजून सोडा. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली हे साधारण प्रमाण आहे. तीस बाय तीस मीटरचे तळे म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यात साडेचारशे ते नऊशे बोटुकली बसतात. कोणी पाच हजारांची पिशवी गळ्यात मारत असेल, तर तो बी विकतो आहे, तुमचे पीक बघत नाही.

बोटुकली आणली की पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा, मग हळूहळू तळ्याचे पाणी तिच्यात घ्या. सोडण्याआधी दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम मीठ टाकून त्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवून काढा. मासे बेचैन झाले तर त्याआधीच काढा.

पीक निघाल्यावर तळे सुकवा. मातीचे असेल तर उन्हाळी नांगरटीसारखे भेगा पडेपर्यंत तापू द्या, गाळ काढा, चुना टाका. तो गाळ रानात टाकला तर ज्वारीला उपयोगी पडेल. प्लास्टिकचे अस्तर असेल तर घासून धुऊन उन्हात कोरडे होऊ द्या.

खाद्य हात राखून घाला. ढगाळ दिवशी आणि कडक थंडीत कमी करा. पहाटे मासे वर तोंड काढून श्वास घेत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपला आहे. त्या दिवशी खाद्य बंद, नवे पाणी सुरू. मेलेला मासा ताबडतोब काढून लांब पुरा, दुसऱ्या तळ्यात तेच जाळे न धुता घालू नका.

उन्हाळ्यात पाणी आटत गेले की तेच मासे अर्ध्या पाण्यात राहतात, म्हणजे गर्दी आपोआप दुप्पट होते. तेव्हा मोठे मासे आधी विका. आजारी मासे बाजारात नेऊ नका. मासळी नीट शिजवली तर जंतू मरतो. अर्धवट मासळीची किंमत जपानने मोजली आहे. १९५० साली ओसाका येथे अर्धवट वाळवलेल्या छोट्या माशांतून याच व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकसची बाधा होऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली.

आणि पुडी? रोगाचे नाव सांगणारा कागद हाती आल्याशिवाय घेऊ नका.

मागायचे ते काय?

हा कागद देणार कोण, हा खरा प्रश्न आहे. मुंबईला वर्सोव्यात १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आमच्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तुमच्याकडे नागपूरला आणि उदगीरला आहे. विद्या देशात आहे. पण शेतकऱ्याचा मासा सकाळी आजारी पडतो आणि दुपारी मरतो. दोनशे किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत तळे रिकामे झालेले असते. दुकान मात्र कोपऱ्यावर आहे. म्हणून पुडी जिंकते.

तेव्हा औषधावर अनुदान मागू नका. ते अनुदान कंपनीच्या खिशात जाते आणि रोग आपल्या तळ्यात राहतो. रोगाचे निदान जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाले पाहिजे. विकले जाणारे बी तपासलेले पाहिजे आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर पाहिजे. नॉर्वेच्या शेतकऱ्याला जी लस मिळते तिच्यासारखी लस आमच्या रोहूला आणि चोणकाला परवडेल अशा किमतीत मिळाली पाहिजे. आणि शेततळ्यातला मासा हे पीक धरून त्याला विमा मिळाला पाहिजे. यात भीक कसलीच नाही. जोखीम आमची, पैसा आमचा, तर विद्याही आमच्या हाताशी हवी.

शेततळ्याच्या योजनेत खोदाईचे माप लिहिलेले असते, कागदपत्रांची यादी असते. पुढच्या तालुका बैठकीत मत्स्यखात्याच्या माणसाला बोलवा आणि एवढाच प्रश्न विचारा: आमच्या तळ्यात उद्या मासा मेला, तर तो बर्फात घालून कुठे न्यायचा आणि उत्तर किती तासांत मिळेल? उत्तर मिळाले तर पत्ता बैठकीच्या फळ्यावर लिहून ठेवा. मिळाले नाही, तर तळ्यात बी सोडण्याआधी ते मिळवणे हेच पहिले काम समजा.